न चालणारं नाणं

पूर्वी दुकानदार रुपया दगडावर आपटून त्याचा नाद ऐकायचा. 1960च्या दशकात अमेरिकेत हे काम बऱ्याच ठिकाणी शीतपेयाची बाटली देणारी यंत्रं करत होती. त्यांना कान नव्हते, चुंबक होतं. चुंबकाजवळून घरंगळताना नाण्याचा वेग किती मंदावतो, यावरून खरं-खोटं ठरायचं. आणि ही सगळी यंत्रं 90 टक्के चांदीच्या नाण्यांना सरावलेली.

तेवढ्यात चांदी महागली. नाणी डब्यात दडू लागली, बाजारात सुट्ट्यांचा तुटवडा पडला. (आपल्याकडे हे आधीच होऊन गेलं होतं: 1940 मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, 1947 मध्ये रुपया निकेलचा झाला.) 23 जुलै 1965 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. 10 आणि 25 सेंटच्या नाण्यांतून चांदी पूर्ण गेली. आत शुद्ध तांबं, दोन्ही अंगांना तांबं-निकेलचा पातळ थर. 25 सेंटचं नाणं 6.25 ग्रॅमवरून 5.67 ग्रॅमवर आलं, तरी यंत्रं ते मुकाट गिळत होती. माणसाला मात्र कडेची तांबूस रेघ लगेच दिसते.

नव्या धातूवर ठसा कसा उमटतो हे छापून पाहिल्याशिवाय कळत नाही, पण चलनातला ठसा वापरला तर चाचणीचा तुकडाही पैसाच दिसणार. म्हणून टांकसाळीने वेगळे ठसे कोरले. एका बाजूला टोपी घातलेली मार्था वॉशिंग्टन, म्हणजे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची पत्नी, दुसऱ्या बाजूला माउंट व्हर्नन हे त्यांचं घर. मूल्य कुठेच नाही आणि साल 1759, म्हणजे मार्था आणि जॉर्जच्या लग्नाचं!

ही खबरदारी सोडली की काय होतं, ते पुढे दिसलंच. तांबं महागलं तेव्हा अ‍ॅल्युमिनियमचे सुमारे 15 लाख सेंट पाडले गेले. त्यांच्यावर नेहमीचा लिंकन होता आणि 1974 हे साल. काही नमुने खासदारांना दाखवायला दिले. यंत्रवाल्यांनी नाकं मुरडली. मुलाने गिळलं तर क्ष-किरणात नीट दिसणार नाही, ही बालरोगतज्ज्ञांची तक्रार. बेत बारगळला, साठा वितळवला, पण वाटलेले सगळे सेंट काही परत आले नाहीत.

मार्था मात्र कामावरच राहिली. 2000च्या सोनेरी डॉलर-नाण्यासाठी तिच्याच ठशाचे तुकडे पाडले गेले. रंग सोन्याचा हवा, पण यंत्राला तो 1979च्या पांढऱ्या डॉलरसारखाच वाटायला हवा, अशी अट होती. मँगेनीज मिसळलेल्या पितळेने ती पाळली.