पासपोर्ट नकार कसा देतो, यावरून तो ओळखता येतो

ई-पासपोर्टमधल्या चिपबद्दल अनेकांच्या मनात एकच धास्ती असते: ही चिप सतत आपला ठावठिकाणा कळवत असेल. तसं होत नाही. तिला बॅटरीच नसते. काउंटरवरचा रीडर १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडतो आणि पासपोर्ट त्याच्या काही सेंटिमीटर जवळ नेला, की त्या लहरींतून मिळालेल्या विजेवर चिप जागी होते. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होणाऱ्या आपल्या ई-पासपोर्टची चिपही अशीच आहे. २०२४ मध्ये नागपूर आणि भुवनेश्वरपासून ते सामान्य नागरिकांना मिळू लागले.

जागी झालेली चिप लगेच बोलत नाही. माहितीच्या पानाच्या तळाशी बाणासारख्या चिन्हांनी भरलेल्या दोन ओळी असतात. त्यातला पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांवरून चिपला बोलतं करणारी किल्ली तयार होते. अधिकारी आधी ते पान स्कॅन करतो ते यासाठीच. अमेरिकेच्या सुरुवातीच्या योजनेत ही किल्ली नव्हती. २००५ मध्ये सरकारने हरकती मागवल्या, तेव्हा २,३३५ लोकांनी लिहून कळवलं आणि त्यातले ९८.५ टक्के नाराज होते. मग किल्ली आली, कव्हरमध्ये धातूचं आवरणही आलं. (हीच किल्ली हॉटेलच्या काउंटरवर दिलेल्या झेरॉक्सवरही छापलेली असते, हे लक्षात ठेवलेलं बरं.)

माग काढता येऊ नये म्हणून अनेक देशांच्या चिप दर वेळी नवा, यादृच्छिक ओळखक्रमांक सांगतात. एवढी काळजी घेऊनही २०१० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या टॉम चोथिया आणि व्हिताली स्मिर्नोव्ह यांनी एक फट शोधली, आणि ती मला या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते. त्यांनी कुलूप फोडलंच नाही. एखाद्या पासपोर्टचा आणि खऱ्या रीडरचा संवाद एकदा चोरून टिपून ठेवायचा. पुढे कधीतरी समोर आलेल्या पासपोर्टला रीडरचा तोच जुना संदेश पुन्हा पाठवायचा. उत्तर नकारच येणार. पण पासपोर्ट दुसऱ्याचा असेल, तर संदेशावर पहिल्या पासपोर्टच्या किल्लीने केलेली खूण पहिल्याच तपासणीत जुळत नाही. पासपोर्ट तोच असेल, तर खूण जुळते, चिप संदेश उलगडते आणि आतला आकडा तिने या वेळी दिलेला नवा आकडा नसून मागच्या संवादातला, शिळा आहे हे तिला मग कळतं. फ्रेंच पासपोर्ट या दोन चुकांना दोन वेगळे संकेत देत होता. तपासलेले इतर देशांचे पासपोर्ट संकेत एकच देत, पण दुसऱ्या बाबतीत नकार यायला किंचित जास्त वेळ लागे. तेवढ्या फरकावरून ‘हा तोच माणूस’ हे ठरवता येत होतं. नाव कळत नाही, फोटो दिसत नाही, तरी माणूस ओळखला जातो. उपाय साधा होता: नकार एकाच शब्दात आणि एकाच वेळात द्यायचा. पण ई-पासपोर्टच्या आंतरराष्ट्रीय मानकात ते आधीपासून बांधून दिलेलं नव्हतं.

तरीही चोरून ऐकणाऱ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती काउंटरमागच्या नोंदींची. भारतात २०२२ च्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या २४ तास आधी विमान कंपनीने प्रवाशांच्या आरक्षणाचा तपशील सीमाशुल्क विभागाला द्यायचा असतो: पैसे कसे भरले, संपर्क कुठला, सोबत कोण, सामान किती. तो पाच वर्षं राहतो. युरोपातल्या शेंगेन देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद सुरू केली. पुण्याहून आठवडाभर पॅरिसला गेलेल्या पर्यटकाचा चेहरा त्यात जातो (बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच दिलेले असल्याने ते व्हिसाच्या नोंदीत असतात), आणि वेळेत परतलेल्याचीही नोंद साधारण तीन वर्षं ठेवली जाते. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, चेहऱ्याचा फोटो मात्र घेतात. ही नोंद बघायला मागण्याचा आणि चुकीची असेल तर दुरुस्त करून घेण्याचा हक्क भारतीय प्रवाशालाही आहे.