प्लेगच्या साथीतले क्रूस

वांद्र्याच्या रणवार, शेर्ली, चिंबईसारख्या जुन्या वस्त्यांमध्ये किंवा गिरगावात खोताच्या वाडीत शिरलं की नाक्यावर दगडी चौथऱ्यावरचा क्रूस दिसतो. गळ्यात झेंडूची माळ, पायाशी मेणबत्तीचे ओघळ. यातल्या बऱ्याच क्रूसांमागे मुंबईच्या प्लेगची कथा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागातला ताप म्हणजे गाठीचा प्लेग असल्याचं ओळखलं. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजारांवर होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला घरात घुसून झडती घेण्याचे, आजाऱ्याला उचलून नेण्याचे अधिकार मिळाले. रोगाइतकीच धास्ती या झडत्यांचीही होती. जानेवारी १८९७ मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगवरची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागला.

या काळात ईस्ट इंडियन कुटुंबांनी आपापल्या वाडीत क्रूस उभारले. ही माणसं मूळची इथलीच: कोळी, कुणबी, भंडारी. पोर्तुगीज अमलात ती ख्रिस्ती झाली, तरी बोली मराठीच राहिली. साथीच्या दिवसांत नवस बोलायचा आणि वाचल्यावर तो फेडायचा, ही रीत कॅथलिक जगात जुनी. जर्मनीत बव्हेरियातल्या ओबरअमरगाऊ गावाने १६३३ च्या प्लेगमध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं नाटक करण्याचा नवस केला. ते नाटक तिथे अजून होतं. संत सबास्त्यांव आणि संत रोक हे तर प्लेगपासून राखणारे संत म्हणूनच ओळखले जातात. पण गावाची राखण सीमेवर बसवायची, ही सवय आपल्या मातीतलीही आहे. वेशीवरच्या दैवताच्या शेजारी राहिलेल्या लोकांनी क्रूसही पाखाडीच्या, म्हणजे वस्तीच्या, तोंडाशीच उभा केला, यात मला नवल वाटत नाही.

गर्दीच्या भीतीने लोक चर्च टाळू लागले, म्हणून घराजवळ रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला हे क्रूस झाले, असं जुनी माणसं सांगतात. मला यात महत्त्वाची वाटते ती एकत्र येण्याची गोष्ट. ज्या घरातून आजारी माणूस नेला जायचा, ते घर एरवी वाळीतच पडायचं. संध्याकाळच्या प्रार्थनेत मात्र त्याच्यासाठी शेजारीच उभे राहायचे. पुनरुत्थानावर श्रद्धा असलेल्यांना मृत्यू शेवटचा वाटत नाही, हे खरं. पण ती श्रद्धा टिकायला शेजार लागतो. शिवाय प्लेग ओळखणारे व्हिएगस स्वतः मूळचे गोव्याचे कॅथलिक होते. औषध आणि प्रार्थना यांच्यात निवड करावी लागते, ही कल्पना या मंडळींना फारशी शिवलेली दिसत नाही.

एक खबरदारी: मुंबईतला प्रत्येक जुना क्रूस प्लेगचा नव्हे. काही पोर्तुगीज काळचे, काही कौटुंबिक नवसाचे. हल्ली सगळ्यांनाच ‘प्लेग क्रॉस’ म्हणायची चाल पडली आहे. पायथ्याशी कोरलेलं वर्ष असेल तर ते वाचावं.

मार्च २०२० मध्ये चर्च बंद झाली तेव्हा या क्रूसांची आठवण वर्तमानपत्रांतून पुन्हा निघाली. फरक एवढाच की प्लेगात त्यांच्यासमोर जमता तरी येत होतं. टाळेबंदीत जमावबंदी होती, त्यामुळे मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) मोबाइलवर आणि रोजरी घरातच.