नोटीस वाचून थकबाकीदार निर्धास्त का होतात?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या फळ्यावर मागच्या महिन्यात नोटीस लागली : '४२ पैकी १७ सभासदांनी मेंटेनन्स भरलेला नाही. ही अत्यंत लाजिरवाणी बाब आहे.' सेक्रेटरींचा संताप रास्तच. पण लिफ्टसाठी थांबलेल्या एका थकबाकीदाराचा चेहरा ती वाचून चक्क सैलावला. चला, आणखी सोळा जण आहेत!

कसं वागायचं हे आपण दोन खुणांवरून ठरवतो. लोक प्रत्यक्षात काय करतात, हा वर्णनात्मक संकेत. लोकांना काय योग्य वाटतं, हा आदेशात्मक. वरच्या नोटिशीत दोन्ही आहेत आणि ते एकमेकांच्या पायात पाय घालतात.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात वीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या लाकडाचे दगड झालेले आहेत. पर्यटक ते खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या वाटांवर खूण केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. 'आजवर अनेकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं' या पाटीजवळचे ७.९२ टक्के तुकडे गेले. 'कृपया तुकडे नेऊ नका' अशा साध्या पाटीजवळचे १.६७ टक्के.

गंमत पुढेच आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात घरोघरी शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर कळवला. उधळ्या घरांनी वापर कमी केला, पण काटकसरी घरांनी वाढवला! सरासरी लोहचुंबकासारखी दोन्हीकडून ओढते. मग काटकसरी घरांच्या चिठ्ठीवर नुसता हसरा चेहरा काढला, आणि त्यांचा वापर वाढायचा थांबला. वर्णनाने बिघडवलेलं शाबासकीने, म्हणजे आदेशात्मक संकेताने, सावरलं.

'हा मेसेज अकरा जणांना पाठवा, एकाने पाठवला त्याला लॉटरी लागली' हे लिहिणाऱ्यालाही यातलं अर्धं, म्हणजे दुसऱ्याने काय केलं ते सांगायचं, एवढं कळलेलं असतं. 'सुप्त मनावर ताबा मिळवणारे शब्द' शिकवणाऱ्या शिबिरांचे पैसे मात्र वाचवा. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी या अमेरिकन बाजार-संशोधकाने सिनेमाच्या पडद्यावर निमिषभर जाहिरात दाखवून पॉपकॉर्नचा खप वाढवल्याचा दावा केला होता. पुढे तो बनाव असल्याचं त्यानेच कबूल केलं.

मी सेक्रेटरींना नवा मसुदा दिला : 'बहुतेक सभासदांनी मेंटेनन्स वेळेत भरला, त्यांचे आभार. आपला बाकी असल्यास कृपया भरावा.' त्यांनी तो लावला. खाली लाल पेनने स्वतःची एक ओळ जोडून : 'तरी १७ जण बाकीच!!'