जुनाट वेदनेच्या उपचारांनंतर मुलांना व कुटुंबाला द्यावयाचा आधार

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा वारंवार उलटणाऱ्या वेदनेवर उपचार घेऊन मूल घरी परतल्यावर त्याची शाळा, झोप, खेळ आणि मैत्री पूर्ववत व्हावी, यासाठी त्याला व घरच्यांना काही महिने दिली जाणारी वैद्यकीय, मानसशास्त्रीय व शैक्षणिक साथ. डोकेदुखी, पोटदुखी, पाठदुखी, सांधे व स्नायूंचे दुखणे ही मुलांमधील जुनाट वेदनेची नेहमीची रूपे. जागतिक आढाव्यांनुसार साधारण पाचांतल्या एका मुलाला असा त्रास असतो. त्यांतील बहुतेकांचे रोजचे जीवन फारसे अडत नाही. थोड्या मुलांची मात्र शाळाच सुटते, आणि ही नोंद मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

उपचार संपले म्हणजे वेदना संपली असे सहसा होत नाही. मूळ इजा किंवा आजार बरा झाल्यावरही मज्जासंस्था धोक्याचा इशारा देत राहू शकते. तपासण्यांत काही सापडत नाही, तरी मुलाला खरोखरच दुखत असते. २०२२ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीने अशा वेदनेला स्वतंत्र आजाराचे स्थान दिले आहे. ‘नाटक करतोय’, ‘अभ्यास टाळायला निमित्त’ हे शेरे ऐकत मोठ्या झालेल्या मुलांसाठी ही मान्यता मोलाची आहे. उपचारांत आधी हालचाल, झोप व हजेरी सुधारते आणि वेदना मागाहून, कधी कित्येक महिन्यांनी उतरते. घरच्यांची अपेक्षा नेमकी उलटी असते: दुखायचे थांबू दे, मग शाळेचे बघू. हा क्रम घरात सर्वांना पटणे हे उपचारोत्तर आधाराचे पहिले काम होय.

आपल्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला जपतात. मऊ भात, अंथरुणातच पाणी, ‘पळू नकोस’, ‘दप्तर मी घेते’. टायफॉइड किंवा शस्त्रक्रियेनंतर हे योग्यच असते. जुनाट वेदनेत मात्र हेच जपणे मुलाला अंथरुणाशी बांधून ठेवते. न हललेले स्नायू दुबळे होतात, थोड्याशा श्रमानेही दुखते, त्या दुखण्याची भीती बसते आणि हालचाल आणखी कमी होते. यात आईवडिलांचा दोष काढणे अन्यायाचे आहे. महिनोन्‌महिने लेकराचे कण्हणे ऐकलेल्या घराचे सगळे वेळापत्रक दुखण्याभोवतीच बसलेले असते. आई रजेवर किंवा नोकरी सोडून घरी, वडील दवाखान्यांच्या फाइली सांभाळत, धाकट्या भावंडाकडे कोणाचेच लक्ष नाही, असे चित्र अनेक घरांत दिसते.

पालकांच्या वागण्याचा परिणाम किती थेट असतो, हे अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या लिन वॉकर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले. त्यांनी पोटदुखीची व निरोगी अशी दोन्ही मुले घेतली आणि त्यांना पोट तट्ट होईपर्यंत पाणी प्यायला दिले. त्यानंतर मुलाच्या त्रासाकडे लक्ष देण्यास काही पालकांना, तर त्याचे मन दुसरीकडे वळवण्यास काहींना आधीच शिकवले होते; उरलेल्यांना काहीच सूचना नव्हती. सूचना नसलेल्यांच्या तुलनेत लक्ष दिले तेथे तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या आणि मन वळवले तेथे सुमारे निम्म्यावर आल्या. पोटदुखीच्या मुलांच्या पालकांना मात्र मन वळवणेच अधिक घातक वाटले, तर त्या मुलांना आईवडिलांच्या तशा वागण्याने बरे वाटले होते. म्हणून ‘दुखतंय का रे?’ हा दिवसातून दहा वेळा विचारला जाणारा प्रश्न थांबवायला सांगतात. त्या जागी ‘आज डब्यात काय संपलं?’, ‘मैदानात कोण कोण होतं?’ असे विचारायचे. मूल आपणहून सांगेल ते ऐकून घ्यायचे, खोटे ठरवायचे नाही, आणि ठरलेले काम चालू ठेवायचे. आजी-आजोबांपर्यंत हे पोहोचले नाही, तर एका खोलीत चालण्याचा सराव आणि दुसऱ्या खोलीत ‘बिचारं पोर’ असे दोन्ही एकाच वेळी चालते. घरातील सर्व मोठ्यांना एकदा तरी उपचारकर्त्यांसमोर बसवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

शाळेत परतणे टप्प्याटप्प्याने होते. आधी दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. ही वाढ आधी ठरलेल्या तारखांनी करतात, त्या दिवशी किती दुखते यावर नाही. बुडालेला सगळा अभ्यास एकदम भरून काढायला लावला, तर मूल पुन्हा आजारी पडण्याची शक्यता मोठी. वर्गशिक्षकांना एवढेच हवे असते की दुखल्यावर मुलाने काय करायचे: पाच मिनिटे बाहेर फिरून परत वर्गात यायचे, की घरी फोन लावायचा. पहिला पर्याय लिहून दिलेला असावा.

वेदना मध्येच उसळते. परीक्षा, सर्दीताप, झोपमोड, कधी काहीच कारण नसते. ही उसळी म्हणजे दुखणे उलटले असे नव्हे, हे आधी सांगून ठेवले नसेल, तर कुटुंब पुन्हा नव्या तपासण्यांच्या फेऱ्यात शिरते. मात्र ताप, घटते वजन, सुजलेला सांधा, हातापायांतील नवा अशक्तपणा किंवा नेहमीपेक्षा वेगळी वेदना दिसली, तर डॉक्टरांकडेच जायला हवे.

युरोप-अमेरिकेत या कामाला संस्थात्मक रूप आले आहे. इंग्लंडमधील बाथ येथील तीन आठवड्यांच्या निवासी कार्यक्रमात किशोरवयीन मुलासोबत घरचे एक मोठे माणूसही राहत असे. त्याचे मूल्यमापन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मनीतील दात्तेलन येथील बालवेदना केंद्रात मुले सुमारे तीन आठवडे दाखल असतात. तेथे घरी गेल्यावरच्या मनोसामाजिक पाठपुराव्याचा स्वतंत्र अभ्यास झाला. अमेरिकेतील बोस्टनच्या बालरुग्णालयात तयार झालेली पालक व मुलांची एकदिवसीय कार्यशाळा अन्य रुग्णालयांनीही स्वीकारली. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२० च्या मार्गदर्शिकेने शारीरिक, मानसशास्त्रीय व औषधी उपचारांची सांगड घालावी आणि कुटुंबाला सोबत घ्यावे, असे म्हटले आहे.

भारतात वेदना चिकित्सालये प्रामुख्याने प्रौढांसाठी आहेत. महाराष्ट्रात या आधाराची गरज ठळकपणे दिसते ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांत. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत हा आजार आढळतो. येथे ‘दुर्लक्ष करा, चालत राहा’ हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. तीव्र वेदनेचा झटका व ताप यांत रुग्णालय गाठणे, भरपूर पाणी, थंडीपासून बचाव आणि औषध नियमित घेणे, हे पथ्य आहेच. शाळा, खेळ व मैत्री टिकवण्याचा भाग मात्र तोच. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातील २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश असल्याने प्रमाणपत्र मिळालेल्या मुलाला परीक्षेतील सवलतींचा आधार असतो. निव्वळ जुनाट वेदना त्या यादीत नाही. त्यामुळे अशा मुलाची कमी हजेरी, जादा वेळ, बसण्याची सोय हे सारे मुख्याध्यापकांच्या समजुतीवरच अवलंबून राहते.