मुंडा (कोरकू स्मृतिस्तंभ)

मुंडा : मृत पूर्वजांसाठी कोरकू लोक उभारतात तो सागाचा कोरीव खांब. विदर्भात अमरावती जिल्ह्याच्या धारणी व चिखलदरा तालुक्यांत, म्हणजे मेळघाटाच्या डोंगराळ भागात तो पाहायला मिळतो. पलीकडे मध्य प्रदेशातील सातपुड्यातही ही प्रथा आहे. कोरकू भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतली, आणि त्या शाखेची सर्वांत पश्चिमेकडची. खांबाचे आणि भाषाशाखेचे नाव सारखे असले, तरी त्यावरून दोन्हींचे नाते जोडू नये.

मुंडा उभारण्याचा विधी म्हणजे सिडोली. तो मृत्यूनंतर लगेच होतोच असे नाही. बोकड, धान्य, पाहुण्यांचे जेवण हा खर्च जमेपर्यंत घर थांबते, कधी काही वर्षेसुद्धा. मग घरातल्या अनेक मृतांची सिडोली एकत्र करतात. ती झाल्यावर गेलेला माणूस पितरांत मिळाला, असे मानतात.

खांब बहुधा फळीसारखा चपटा असतो. त्यावर सूर्य आणि चंद्र, घोडेस्वार, हातात हात धरून नाचणारी माणसे कोरलेली असतात. घोडा कधी दारात बांधलेला नसला, तरी मृताला स्वार म्हणून दाखवतात, आणि हा मान मला या कोरीवकामातील सर्वांत हृद्य भाग वाटतो. साग हेच लाकूड का, ते मेळघाटात फिरताना उमगते. सिपना नदीचे नावच कोरकूत सागाचे आहे. पुढे ती तापीला मिळते आणि तिचे पाणी अरबी समुद्रापर्यंत जाते.

मुंडे गावाबाहेर एखाद्या झाडाखाली असतात. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कोरकू गावे आहेत, पण खांब रस्त्यावरून दिसेलच असे नाही. आधी गावात जाऊन पाटलाला किंवा भुमकाला (पुजारी व वैदू) विचारावे. परवानगीशिवाय हात लावू नये, फोटो काढू नये. खांब विकत मागणे तर सरळ अपमान आहे. तो कुणाच्या तरी आजोबांचा असतो.

होळीला कामासाठी बाहेर गेलेले लोक परततात, फगवा (होळीची बक्षिसी) मागितला जातो, गादली-सुसुन नाच होतो. खांबावर कोरलेली माणसे ज्या नाचात हात धरून उभी आहेत, तशीच ओळ तेव्हा गावात पाहता येते.