धडधडीचे निदान : चिंताविकारांची पार्श्वभूमी

चिंताविकाराचा रुग्ण आजही बऱ्याचदा आधी हृदयाच्या डॉक्टरकडे पोचतो. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात. ईसीजी मात्र व्यवस्थित निघतो. वैद्यकशास्त्रही याच वाटेने आले आहे. फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये अमेरिकी यादवी युद्धातल्या सुमारे ३०० सैनिकांच्या नोंदींवर लेख प्रसिद्ध केला. तक्रारी सगळ्या हृदयाच्या, पण हृदयात ठोस दोष सापडेना. त्यांनी या अवस्थेला ‘चिडखोर हृदय’ म्हटले आणि विश्रांती व डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधावर भर दिला. पहिल्या महायुद्धात अशा सैनिकांची रीघ लागली, तेव्हा ब्रिटिश हृदयतज्ज्ञ टॉमस लुइस यांनी उलटा रस्ता धरला : अंथरुणाऐवजी हळूहळू वाढवत नेलेली कवायत. हा हृदयाचा आजार नसून चिंतेचाच विकार आहे, असे ब्रिटिश हृदयतज्ज्ञ पॉल वुड यांनी ठामपणे मांडले ते थेट १९४१ मध्ये.

त्या गोंधळाचा धडा पहिल्या भेटीत आजही दिसतो. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि रक्तातली साखर तपासली जाते, कारण थायरॉइडचा जोर, रक्तक्षय किंवा साखर उतरणे हुबेहूब अशीच लक्षणे देतात. भरपूर कॉफी, दम्याचा पंप, सर्दीची काही औषधेही छाती धडधडवतात. ती डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. श्रम करताना छातीत कळ येणे, ती हाताकडे वा जबड्याकडे सरकणे किंवा शुद्ध हरपणे याला मात्र चिंता समजून घरी थांबू नये. तपासणी एकदा नीट व्हावी, तीच पुन्हापुन्हा नको. प्रत्येक ‘नॉर्मल’ रिपोर्ट चार दिवस दिलासा देतो, मग शंका दुप्पट होऊन परतते.

इकडे दा कोस्टा यांच्याच काळात बर्लिनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोकळे चौक ओलांडताना गर्भगळीत होणाऱ्या तीन पुरुषांचे वर्णन केले. सोबतीला कोणी असले की त्यांची भीती ओसरे. ही बारीकशी नोंद पुढे फार महत्त्वाची ठरली. १८९५ मध्ये फ्रॉइड यांनी थकवा, अशक्तपणा अशा कशालाही लावल्या जाणाऱ्या तेव्हाच्या सरसकट ‘मज्जादौर्बल्या’च्या (न्यूरास्थेनिया) निदानातून चिंतेचा विकार वेगळा काढला. त्यांची लक्षणांची यादी आजही चालेल. लैंगिक कारणाची उपपत्ती मात्र टिकली नाही.

चिंताविकारांची खरी फाळणी झाली ती औषधामुळे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९६० च्या आसपास अतिघाबऱ्या रुग्णांना इमिप्रामिन हे तेव्हा नवे असलेले औषध देऊन पाहिले. काही आठवडे गेले तरी रुग्ण म्हणत, काही फरक नाही. फरक टिपला तो परिचारिकांनी. ‘आता मरणार’ म्हणत रोज त्यांच्या खोलीकडे धावणारा माणूस धावेनासा झाला होता. अचानक येणारे घबराटीचे झटके थांबले होते, पण ‘पुन्हा आला तर?’ ही धास्ती आणि बाहेर पडायचे टाळणे तसेच होते. म्हणजे झटका वेगळा, त्याची वाट पाहत बसणे वेगळे आणि टाळाटाळ तिसरी. एकच औषध तिन्हींना पुरत नाही, हे आजही अनेकांच्या गावी नसते. झटके थांबूनही माणूस घरातच का, असा प्रश्न मग नातेवाइकांना पडतो.

१९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या डीएसएम-३ या निदानपुस्तिकेने ‘चिंतेचा न्यूरोसिस’ मोडून पॅनिक विकार (अचानक येणारे घबराटीचे झटके) आणि सार्वत्रिक चिंताविकार (सतत, सगळ्याच गोष्टींची काळजी) अशी दोन निदाने केली. सामाजिक भीतीलाही स्वतंत्र जागा मिळाली. सार्वत्रिक चिंतेसाठी तेव्हा एक महिना पुरे होता. एवढ्या काळात तर कोणीही निकालाच्या किंवा नोकरीच्या काळजीने कासावीस होतो, म्हणून १९८७ मध्ये मुदत सहा महिने झाली. ‘हे किती दिवसांपासून?’ या प्रश्नामागे ही दुरुस्ती आहे. २०१३ मध्ये याच पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हापुन्हा होण्याचा विकार) आणि आघातोत्तर ताणाचा विकार चिंताविकारांच्या प्रकरणातून बाहेर पडले. त्यांचे उपचारही काहीसे वेगळे असतात, त्यामुळे नेमके निदान विचारून घेणे रुग्णाच्या फायद्याचे.

औषधांचा इतिहास इतका सरळ नाही. चिंता शमवणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये बाजारात आले, डायझेपाम १९६३ मध्ये. गोळी घेतली की तासाभरात उतार, त्यामुळे ती सर्रास लिहून दिली गेली. सवयीचा धोका पुरता मान्य व्हायला पुढची वीस वर्षे गेली. रोज कित्येक आठवडे घेतलेली गोळी एकदम बंद केली, तर आधीपेक्षा जास्त घबराट, झोप उडणे, क्वचित फिटही येऊ शकते. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावा लागतो. आता पहिली पसंती नैराश्यावरही दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या औषधांना आहे. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी वाढूही शकते, म्हणून सुरुवात कमी मात्रेने करतात. बरेच जण नेमके याच आठवड्यात ‘मानवत नाही’ म्हणून गोळी सोडतात. बरे वाटू लागल्यावरही ती साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात. मात्र उपचार सुरू असोत वा नसोत, जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

गोळीविना उपचाराची वाट दक्षिण आफ्रिकेचे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडली : कमी भीतीच्या प्रसंगापासून जास्त भीतीच्या प्रसंगापर्यंत शिडी करायची, शरीर सैल सोडायचे आणि खालच्या पायरीपासून चढायचे. पुढे असे दिसले, की शरीर आधी सैल करण्यापेक्षा भीतीच्या जागी टिकून राहणे अधिक मोलाचे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचे चक्र उलगडले. धडधड वाढते, तिचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लागतो, भीतीने धडधड आणखी वाढते. म्हणून थेरपिस्ट मुद्दाम मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला किंवा खुर्चीत गरगर फिरायला लावतात (दमा, हृदयविकार, फिट किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच). धडधड होते आणि काही बिघडत नाही, हे अंगाला कळावे लागते.

भीतीला सामोरे जाण्याच्या या सरावात सगळ्यात जास्त फसते ते सोबतीवर विसंबणाऱ्या वेस्टफाल यांच्या रुग्णांसारखे. माणूस गर्दीत जातो, पण खिशात गोळी, हातात पाण्याची बाटली, शेजारी भाऊ. मग श्रेय त्या आधारालाच जाते आणि भीती शाबूत राहते. दुसरी चूक म्हणजे भीती शिगेला असताना पळ काढणे. तिसरी, आठवड्यातून एकदाच सराव करणे. साधारण १२ ते १५ सत्रांच्या उपचारात खरे काम दोन सत्रांच्या मध्ये, जवळजवळ रोज होते. थेरपिस्ट निवडताना एवढे जरूर विचारावे : टाळलेल्या गोष्टींना सामोरे जाण्याचा सराव तुम्ही करून घेता का, आणि घरी काय करायला देता? उत्तरात नुसते बोलणे आणि श्वसनाचे व्यायाम एवढेच आले, तर दुसरीकडेही चौकशी करावी.