चोक वेगळा, हिवाळी झडप वेगळी

जानेवारीत ग्वाल्हेरात कोहरा उतरला की शेकोटीसाठी बाभळीचे ओंडके कापायला शहराच्या लश्कर भागातल्या वाड्यांमागे चेनसॉ निघतात. मशीन अडलं की बघ्यांचा सल्ला ठरलेला: "चोक ओढा." मशीन सुरूच होत नसेल तर सल्ला बरोबर आहे. पण ते झटक्यात सुरू होऊन पाच-दहा मिनिटांनी धापा टाकत बंद पडत असेल, तर चोकाचा तिथे काही संबंध नाही. तिथे बघायची ती कार्ब्युरेटरशेजारची, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाशेजारची, हिवाळी झडप.

चोक इंजिनाच्या थंडीसाठी असतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून हवेची वाट अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवायचं. म्हणूनच मे महिन्यात पारा 45वर असला तरी सकाळी पहिल्यांदा दोरी ओढताना चोक लागतोच. एकदा 'फट्' आवाज आला की तो मागे घ्यायचा. तो आवाज निसटला आणि दोरी ओढत राहिलात, तर प्लग पेट्रोलने भिजतो, वास येतो, हात दुखून येतो. चूक तिथल्या तिथे कळते.

झडप हवेच्या थंडीसाठी असते; ती उघडली की सिलिंडरजवळची गरम हवा कार्ब्युरेटरकडे जाते. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोलची वाफ होताना तिथलं तापमान झपाट्याने उतरतं. हवा दमट असेल तर त्या गळ्यात बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. मशीन दहा मिनिटं बाजूला ठेवा: सिलिंडरच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि ते काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतं. तोवर मालकाने पेट्रोलपंपाला शिव्या घालून झालेल्या असतात! छोट्या पिस्टन विमानांतही याच कारणासाठी गरम हवेचा वेगळा दांडा असतो.

गंमत अशी, की कॅनडातल्या उणे 30 अंशांपेक्षा हा त्रास आपल्या 7 अंशांच्या कोहऱ्यात जास्त संभवतो. उणे 30च्या हवेत घनमीटरमागे अर्धा ग्रॅमही वाफ मावत नाही. 7 अंशांना जवळपास 8 ग्रॅम मावते. तिकडे झडप उघडतात ती मुख्यतः पेट्रोलची वाफ नीट व्हावी आणि भुरभुरीत बर्फ आत ओढला जाऊ नये म्हणून. तिकडच्या काही मशिनांत कार्ब्युरेटर आणि मुठी विजेवर गरम होतात. शिवाय साखळीचं तेल घट्ट होतं, ते वेगळंच.

झडप वरच्या झाकणाखाली, सिलिंडर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या पडद्यात असते. प्लास्टिकचा छोटा तुकडा, त्यावर बहुधा एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला बर्फाची चांदणी. चांदणीवर फिरवला की सिलिंडरभोवतीची गरम हवा आत येते. पण एक सांभाळा. चोक लागलेला राहिला तर मशीन काळा धूर सोडून गप्प होतं, स्वतःच चुगली करतं. झडप चांदणीवर राहिली तर मार्चपर्यंत ओरड नाही. मग उन्हाळ्यात तापलेलीच हवा आत जाते, ताकद घटते आणि इंजिन तापून पिस्टन जाम होण्याचीही भीती असते. होळीच्या सुमारास झाकण उघडून ती सूर्यावर आणाच.

बाजारातल्या स्वस्त मशिनांत ही झडप बहुतेक वेळा नसतेच. तिथे कोहरा विरेपर्यंत, दहा-अकरापर्यंत, थांबून मग कापायला घेणं बरं.